अक्षी, रेवदंडा, खारेपाट: यंदाच्या थंडीतले पक्षी (नोंदी इथेच टाका)

खाजणकर | २४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मंडळी, सुरूच्या बनात पहाटे कानटोपी लागायला लागली, म्हणजे धागा काढायला हरकत नाही. गेल्या वर्षीचा धागा झब्बूंच्या (उत्तरादाखल टाकलेल्या फोटोंच्या) ओझ्याने बुडाला. दोनशे प्रचि (प्रकाशचित्रं), आणि कुठला पक्षी कधी, कुठे, किती, याचा पत्ता नाही. म्हणून यंदा एकच अट. नाव नाही ओळखता आलं तरी चालेल, पण वेळ लिहा, पाणी चढत होतं की उतरत होतं ते लिहा, आणि आकडा लिहा. 'भरपूर' हा आकडा नव्हे.

सुरुवात मीच करतो. आज कार्तिक वद्य नवमी. नागावच्या बाजूने अक्षीच्या खाडीच्या मुखापर्यंत चालत, ७ ते ९.३०, पाणी उतरत होतं. छोटे सँड प्लोव्हर ६० ('लेसर सँड प्लोव्हर' म्हणायचो ते, २०२३ साली त्यांच्या दोन जाती केल्या आणि आपल्याकडचे तिबेटी झाले, पण वहीत अजून हात वळत नाही). केंटिश चिखल्या २२. कोरल २, लांबूनच. तपकिरी डोक्याचे कुरव ४१, काळ्या डोक्याचे ९. मोठे कुरव ५, त्यांच्या पोटजातीच्या भानगडीत मी पडत नाही. समुद्री गरुड १, खाडीपलीकडे माडावर. सँडरलिंग १४.

सँडरलिंगपाशीच तासभर गेला. लाट मागे सरली की हे तिच्या मागे, ओल्या वाळूत दोन-चार टोचे, लाट वळली की पुन्हा किनाऱ्याकडे. चालत्या शिलाई मशीनची सुई जशी दिसत नाही तसे त्यांचे पाय दिसत नाहीत. इतर तुताऱ्यांना (सँडपायपरांना) असतं ते मागचं छोटं बोट यांना नसतंच. एक लंगडा होता. एका पायावर उड्या मारत तोही लाटेच्या मागे, आणि एकदाही भिजला नाही.

ऐरोलीकर | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०२

आला धागा! आमच्याकडे ठाणे खाडीत रोहितांची (फ्लेमिंगोंची) पहिली ओळ लागली आहे, मोजली नाही म्हणून आकडा देत नाही (धागाकर्त्यांचा धाक). बहुतेक छोटे. चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोक तेवढं काळं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही. पेढ्यांनी प्लास्टिक कमी झालं नाही, हा भाग वेगळा.

निफाडचा_वारकरी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

किनाऱ्यावरच्यांनो, जरा वर घाटावरही या. नांदूर मधमेश्वरला चक्रवाक आलेत, थापटे आलेत, आणि वारकरी तर आहेतच. परवा एक शहरी पाहुणे विचारत होते, पक्ष्याचं नाव वारकरी का? अहो, अंगाने काळा आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, आणखी काय पाहिजे? टाळ तेवढे नाहीत. राज्यातली पहिली रामसर जागा आमची, जानेवारी २०२०. एवढं बोलून खाली बसतो.

खाजणकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

बसा, बसा. धागा किनाऱ्याचा आहे, पण घाटावरच्यांना पाट मांडलेला आहे.

नवी_दुर्बीण | १ डिसेंबर, दुपारी ४.१५

नमस्कार. माझी पहिलीच पोस्ट. दिवाळीत स्वतःला ८×४२ दुर्बीण घेतली. दोन रविवार अक्षीला जाऊन आले. दोन्ही वेळा समुद्र इतका आत गेलेला की पक्षी म्हणजे चिखलावर सांडलेली मोहरी. आणि तुम्ही लोक बोटं मोजून सांगता! माझं काय चुकतंय?

सुकट_बोंबील | १ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

ताई, चुकत काही नाही, तुम्ही घड्याळ बघून गेलात, पंचांग बघून जायला हवं. आमचे आजे डोल जाळ्याच्या मासेमारीला जायचे, त्यांच्याकडे ना मोबाइल ना भरतीचं कोष्टक. तिथीची पाऊणपट करायची, झालं. पक्ष शुद्ध असो की वद्य, पाडव्यापासून मोजायचं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट द्या. भरतीपासून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी.

दुसरं म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीला भांग, दोन्ही कमी. तुमचे पक्षी काय करतात मला माहीत नाही, पण पाणी चढायला लागलं की ती सगळी टोळकी चिखल सोडून आमच्या बाजूला सरकतात, हे लहानपणापासून बघतोय.

खाजणकर | १ डिसेंबर, सायंकाळी ७.०५

दादांनी सगळं सांगितलं. मी फक्त जोड देतो. भरतीच्या आधीचे दोन तास सोन्याचे. पाणी एकेक पट्टी गिळत येतं आणि पक्षी आपणहून तुमच्याकडे चालत येतात. तुम्ही मात्र त्यांच्याकडे चालायचं नाही. सुरूच्या खोडाला टेकून बसायचं. ओहोटीला त्यांच्या मागे चिखलात गेलात तर पक्षी उडतील आणि चप्पल चिखलात राहील. माझ्या दोन राहिल्यात, दोन्ही डाव्या.

पोपटी_प्रेमी | २ डिसेंबर, सकाळी ११.३०

वाचनखूण साठवली. पाऊणपट मला माहीतच नव्हतं, आणि मी थळची!

अवांतर: शनिवारी मांडव्याच्या बोटीवर लोक कुरवांना शेव, गाठ्या, चिप्स टाकत होते. मी एका काकूंना म्हटलं, नका टाकू. त्या म्हणाल्या, 'खातायत ना, मग तुझं काय जातंय?' उत्तर सुचलं नाही.

खाजणकर | २ डिसेंबर, दुपारी १.००

उत्तर असं की खातो म्हणून पचतं असं नाही. आपणही खातोच की. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर अंडी घालतो, हिमालय ओलांडून इथे येतो, मार्च-एप्रिलमध्ये त्याला तेवढंच अंतर परत कापायचं असतं. त्यासाठी अंगावर चरबी लागते ती मासळीची. मिठाची शेव हे त्याचं खाणं नव्हे. पण बोटीवर भांडू नका. मी भांडलो होतो, अख्खी बोट माझ्याविरुद्ध गेली.

ऐरोलीकर | २ डिसेंबर, दुपारी १.२२

आणि कृपया 'सीगल' नको. कुरव किती सुंदर शब्द आहे.

सुकट_बोंबील | २ डिसेंबर, दुपारी २.१०

वलांडीवर (वाळवणाच्या दांडीवर) टांगलेले बोंबील पळवताना मी त्याला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

खाजणकर | ८ डिसेंबर, रात्री ८.४०

आज खारेपाटात होतो, शहापूर-धेरंडच्या बाजूला. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तिथे आता तिवरं माजलीत आणि मध्ये उथळ तळी झाली आहेत. ज्यांची भाताची जमीन गेली त्यांच्यासमोर 'वा, काय पाणथळ आहे' म्हणताना जीभ अडखळते. म्हणून मोठ्याने म्हटलं नाही. नोंद तेवढी करतो.

सकाळी ७.३० ते १०. शेपटी बदक ३४, थापट्या १८, भुवई बदक ५० (दहा-दहाने मोजून). शेकाटे ७०. दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) २, एक मादी, फिकट डोक्याची. ती तिवरांवरून हेलकावे घेत खाली आली की सगळी बदकं एका दमात उठायची, ती पुढे गेली की बसायची. चार वेळा हाच खेळ. पाचव्या वेळी बदकांनी फक्त माना वर केल्या, उठली नाहीत. भोवत्यालाही कळलं असावं, तीही उगाच बांधावर जाऊन बसली.

कैकर १. जुन्या उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) खांबावर, पंजात मासा. पाउण तास खात होता, डोक्याकडून सुरुवात करून. खाली वंचक (छोटा बगळा) वाट बघत उभा, वरून पडेल ते टिपायला. मासा कुठला ते दिसलं नाही. शेजारच्या शेततळ्याचे मालक म्हणाले, 'माझा जिताडा असेल तर त्याला बिल लावा.'

नवी_दुर्बीण | २२ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी!!! आज अक्षी, मार्गशीर्ष वद्य अष्टमी (पाऊणपट केली!), संध्याकाळी ५.३५, पाणी चढत होतं. क्रॅब प्लोव्हर, ७. मोठे, काळे-पांढरे, जाड सरळ काळी चोच, पुळणीच्या टोकाला ओळीने उभे. मोबाइल दुर्बिणीच्या भिंगाला लावून प्रचि काढला, तो टाकतेय. हात अजून थरथरतायत. कोकणात हे फार क्वचित दिसतात असं वाचलं, म्हणून लगेच लिहिलं.

ऐरोलीकर | २२ डिसेंबर, रात्री ९.५५

बाप रे! उद्या रजा टाकू का?

पोपटी_प्रेमी | २२ डिसेंबर, रात्री १०.०१

अभिनंदन!! प्रचि मध्ये मला सात काळे ठिपके आणि सुंदर सूर्यास्त दिसतोय.

खाजणकर | २२ डिसेंबर, रात्री १०.३०

ताई, आधी शाबास. वेळ, तिथी, पाणी, आकडा, सगळं दिलंत. आता तीन प्रश्न, राग मानू नका. सूर्य तुमच्या कुठल्या बाजूला होता? पक्ष्यांचं डोकं काळं की पांढरं? पाय कुठल्या रंगाचे?

नवी_दुर्बीण | २२ डिसेंबर, रात्री १०.४८

सूर्य समोर, मावळत होता. पाय काळेच वाटले, सगळंच काळं वाटत होतं. डोकं... काळं. हो, काळंच. पोट पांढरं. एकाच्या गळ्याशी पांढरी आडवी रेघ होती, ती नक्की दिसली, कारण तो मान वर करून उभा होता.

मस्कतकर | २३ डिसेंबर, पहाटे १.१५

मी मूळचा चौलचा, अकरा वर्षं ओमानमध्ये. इथे बार अल हिकमान म्हणून भरती-ओहोटीचं विस्तीर्ण मैदान आहे, थंडीत तिथे क्रॅब प्लोव्हर हजारोंनी असतात. दर वर्षी एकदा तरी जातो, म्हणून धीर करून लिहितो.

क्रॅब प्लोव्हरचं डोकं पांढरं असतं. डोळ्यापाशी थोडा काळा डाग, पाठीवर काळं, बाकी सगळा पांढराशुभ्र, लांबून एखाद्या छोट्या बगळ्यासारखा. चोच काळी, पण सुरीसारखी जाड आणि आखूड. पाय निळसर राखाडी, लांब. चाल चिखल्यांची: पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. खेकडा धरला की झटकून झटकून त्याच्या नांग्या आधी तोडतो. आणि थंडीत एक हमखास खूण. गेल्या उन्हाळ्याचं राखाडी पिल्लू आईबापांच्या मागे शिट्या मारत फिरत असतं, आणि ते त्याला अजून भरवत असतात. किनाऱ्यावरच्या बाकीच्या चिखल्या-तुताऱ्यांची पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः टिपतात. याचं घरटंही वेगळं, वाळूत बीळ खणून, आत एकच पांढरं अंडं.

काळं डोकं, पांढरं पोट, गळ्याशी पांढरी रेघ. ताई, तुम्ही नकळत कालवफोड्याचं (ऑयस्टरकॅचरचं) वर्णन केलंय. ती रेघ त्याच्या थंडीतल्या पिसाऱ्यातच असते. चोच नारिंगी असते त्याची, पण सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर नारिंगी काय नि काळी काय.

खाजणकर | २३ डिसेंबर, सकाळी ६.५०

मस्कतकर, तुम्ही होता कुठे इतकी वर्षं?

आपल्या किनाऱ्याची अडचण हीच. तोंड पश्चिमेला. संध्याकाळी गेलात की सूर्य पक्ष्याच्या पाठीशी, आणि प्रत्येक पक्षी कोळशाचा. सकाळी सूर्य आपल्या पाठीवर, माडांवरून येतो, तेव्हा पायाच्या नखांचाही रंग दिसतो. म्हणून नुसती भरती बघून भागत नाही, सकाळची भरती बघायची. येत्या रविवारी, २९ला, वद्य चतुर्दशी आहे. चौदाचे पाऊणपट साडेदहा. अमावस्येचा आदला दिवस, म्हणजे उधाण. ताई, साडेसातला या. चहा माझा.

नवी_दुर्बीण | २३ डिसेंबर, सकाळी ९.१२

अरेरे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सुकट_बोंबील | २३ डिसेंबर, सकाळी ९.४०

ताई, आमच्या जमिनीत भरतीला पाणी येतं, पोटात जाऊ नका.

खाजणकर | २९ डिसेंबर, दुपारी २.३०

अहवाल. ७.४५ ते १०.४५, पाणी चढतं, सूर्य पाठीशी, वारा मतलई. ताई होत्या, त्यांचे वडीलही होते. वडिलांना पक्ष्यांत रस नाही, ते अक्षीचा शिलालेख बघायला आले होते. मराठीतला सर्वांत जुना म्हणतात तो. आमच्या खांद्यावरच्या दुर्बिणी बघून ते म्हणाले, 'हजार वर्षांचा दगड जागचा हलत नाही, तरी त्याला बघायला कोणी येत नाही.' मुद्दा बिनतोड होता.

साडेआठला पुळणीच्या टोकाला ते उतरले. सात नव्हे, नऊ. ताईंनी दुर्बीण लावली आणि पुढची दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. गाजरासारखी लांब चोच, फिकट गुलाबी पाय, लाल डोळा, आणि नवापैकी सहांच्या गळ्याला पांढरी रेघ. कालवफोड्याच.

पाणी जवळ येत गेलं तसे तेही येत गेले, शेवटी पन्नास पावलांवर. एकाने ओल्या वाळूत चोच अर्धी खुपसली, मान तिरकी केली, जोर लावला, आणि शिंपल्यासकट बाहेर काढली. शिंपला कोरड्या वाळूवर नेला, चोचीचं टोक फटीत घातलं, मान इकडेतिकडे फिरवली. शिंपला उघडल्यावर आतलं मांस एका घोटात गेलं. मग चोच पाण्यात दोनदा धुतली. पाव मिनिटही लागलं नाही. कालवं फोडणाऱ्या बायकांना कोयतीने याहून जास्त वेळ लागतो, हे दादांचं मत, ते मागे उभे होते.

आणि ताई, जमीन वगैरे दुभंगवू नका. मी नव्वदच्या दशकात रेवदंड्याच्या खाडीत थर्माकोलच्या तुकड्याला अर्धा तास कुरव समजून बसलो होतो, वहीत 'विश्रांती घेत आहे' असं लिहिलंसुद्धा. ती वही अजून आहे.

मस्कतकर | २९ डिसेंबर, सायंकाळी ५.००

चौलची आठवण आली. एवढंच.

झूम_६०० | ५ जानेवारी, सकाळी १०.१५

नमस्कार. खारेपाटात आखूड कानाचं घुबड आलंय असं ऐकलं. खाजणकर सर, नेमकी जागा टाकाल का? पुढच्या शनिवारी आमचा सहा जणांचा ग्रुप येतोय.

खाजणकर | ५ जानेवारी, सकाळी ११.०५

आहे. जागा टाकणार नाही.

झूम_६०० | ५ जानेवारी, सकाळी ११.२०

पक्षी काय तुमच्या मालकीचे आहेत का? धागा नोंदींसाठीच आहे ना? मग ही लपवाछपवी का?

खाजणकर | ५ जानेवारी, दुपारी १२.४०

मालकीचे नाहीत, म्हणूनच. हे घुबड दिवसा जमिनीवर, गवतात बसून झोपतं. झाडावर बसलेल्या घुबडाला माणूस खालून बघतो, याच्या अंगावर पाय पडू शकतो. दोन वर्षांपूर्वी मीच कौतुकाने जागा सांगितली होती. सकाळी पाच गाड्या बांधावर, एकाने 'उडताना हवंय' म्हणून ढेकूळ फेकलं. ते दिवसाउजेडी उठलं, कावळ्यांनी त्याला खाडीपार पिटाळलं. त्या मोसमात पुन्हा दिसलं नाही. बांधावरच्या वालाच्या वेलींचं नुकसान झालं ते वेगळंच, आणि त्या शेतकऱ्याने अजून मला पोपटीला (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला) बोलावलेलं नाही. राग त्याचा बरोबर आहे.

तुम्ही ढेकूळ मारणारे आहात असं मी म्हणत नाही. पण इथे लिहिलं की वाचणारे सगळेच येतात. त्यापेक्षा १२ तारखेला गणनेला या, माणसं कमी आहेत.

निफाडचा_वारकरी | ५ जानेवारी, दुपारी १.१०

खाजणकरांना अनुमोदन. आमच्याकडेही मनोऱ्यावरून दिसतं तेवढंच बघा म्हणतो, तरी लोक चिखलात उतरतात.

झूम_६०० | ५ जानेवारी, रात्री ९.३०

ढेकळाचं माहीत नव्हतं. गणना म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

खाजणकर | ६ जानेवारी, सकाळी ७.००

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून दर जानेवारीत होते, आपल्यासारखेच हौशी लोक करतात. एका पाणथळीवरचा प्रत्येक पाणपक्षी मोजायचा. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवा, मग तेवढे तेवढे तुकडे पाडत थव्यावरून सरका. थवा उडाला तर आकडा रद्द, पुन्हा बसेपर्यंत थांबा. तुमचं ६०० मिलीमीटर भिंग इथे खऱ्या कामाचं. बसलेल्या थव्याचे ओळीने प्रचि काढा, घरी मोठ्या पडद्यावर मोजू. १२ला शुद्ध चतुर्दशी, पुन्हा साडेदहाची भरती. पाणी पूर्ण चढलं की सगळे चिखल्या एकाच कोरड्या पट्ट्यावर दाटीने उभे राहतात, मोजायला तीच वेळ.

पोपटी_प्रेमी | ६ जानेवारी, सकाळी ८.१५

मोजून झाल्यावर पोपटी माझ्याकडे. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला तयार आहे. शाकाहारी मडकं वेगळं लावीन.

झूम_६०० | १२ जानेवारी, सायंकाळी ७.२०

प्रचिवरून मोजणी झाली. पट्ट्यावरचा थवा खाजणकरांनी डोळ्यांनी ३८० धरला, ताईंनी ४५०. पडद्यावर टिंबं देऊन मोजले, ४३७. डोळे दुखतायत. आखूड कानाचं घुबड मागितलं नाही, आणि दाखवलंही नाही. पोपटी उत्तम.

खाजणकर | १२ जानेवारी, रात्री ८.००

ताईंचा आकडा जास्त जवळचा. चहा पुढच्या वेळी त्यांच्याकडून.

नवी_दुर्बीण | १२ जानेवारी, रात्री ९.०५

अक्षी, पौष शुद्ध चतुर्दशी, ८.१५ ते ११, पाणी चढतं, सूर्य पाठीशी.

छोटे सँड प्लोव्हर ४३७ (प्रचिवरून). केंटिश चिखल्या ३१. सँडरलिंग १६, पैकी एक लंगडा. कोरल ३. तपकिरी डोक्याचे कुरव ५२. कैकर १, मासा नाही. कालवफोड्या ११.

क्रॅब प्लोव्हर ०. थर्माकोल २.